प्रार्थनेची बोली

गेल्या गणेशोत्सवातली गोष्ट. सोनकच्छच्या आमच्या घरी आरती आटोपली, प्रसाद वाटून झाला आणि देवासहून आलेली माझी दहा वर्षांची भाची आरतीचे पुस्तक घेऊन जवळ आली. म्हणाली, "मामा, ये ‘नुरवी’ क्या होता है?" तिचे उच्चार स्वच्छ होते, चाल बिनचूक होती, रोज दोन वेळा ती डोळे मिटून आरती म्हणत होती. फक्त अर्थ तिला ठाऊक नव्हता. मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि अडखळलो. तीस वर्षे मुलांना शिकवणाऱ्या माणसाने त्या शब्दापाशी थांबून कधी विचारच केला नव्हता.

पुढे शाळेत एका ख्रिस्ती सहशिक्षकांना मी हा प्रसंग सांगितला. ते मूळचे केरळचे. घरी मल्याळम, वर्गात हिंदी आणि रविवारची उपासनाही हिंदीत. ते हसले आणि म्हणाले, "आमच्याकडेही हाच प्रश्न आहे, सर. मुले प्रार्थना घोकतात, पण ती आत उतरते का, कोण जाणे." मग त्यांनीच विचारले, "तुमच्या मराठीत येशूचे पुराण आहे म्हणतात, ते खरे का?" खरे आहे, असे मी सांगितले. एम. ए. ला इतिहास घेतला तेव्हा परीक्षेपुरते वाचलेले फादर स्टीफन्स त्या दिवशी पुन्हा आठवले. या खेपेस ते परीक्षेसाठी नव्हते.

दुभाषी मुलूख

आपण माळव्यातली मराठी माणसे दोन भाषांत जगतो. अठराव्या शतकात पवारांनी धार आणि देवास येथे गाद्या स्थापल्या, त्यांच्यामागून कारकून, शास्त्री, शिलेदार आले आणि इथलेच झाले. बाजारात हिंदी, शेतावर माळवी, देवघरात मराठी, अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. चारशे वर्षांपूर्वी गोव्यातील साष्टी तालुक्याची स्थितीही अशीच होती. घरात आणि शेतात कोकणी बोलली जाई, पण कीर्तन, पुराण, पोथी मराठीत. ज्ञानेश्वरांपासून चालत आलेली ओवी तेथील कानांना परिचयाची होती.

त्या मुलखात १५७९ च्या ऑक्टोबरात थॉमस स्टीफन्स नावाचे एक इंग्रज जेझुईट उतरले. हिंदुस्थानात येऊन राहिलेले पहिले इंग्रज म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. पुढची चाळीस वर्षे, १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, त्यांनी बहुतेक साष्टीतच काढली. तो काळ सुखाचा नव्हता. पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली होती, जुन्या पोथ्या नष्ट केल्या होत्या. १५६० पासून गोव्यात धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, बसले होते. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे संतप्त गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केले. त्यांत अकबराच्या दरबारी राहून आलेले रुदोल्फ आक्वाविवा होते. पुढे बोलणीच्या मिषाने बोलावून पोर्तुगिजांनी गावच्या पुढाऱ्यांना मारले. जेझुइटांचे मृतदेह मिळवून त्यांचे दफन करण्याच्या कामी स्टीफन्स होते. ही पार्श्वभूमी झाकून क्रिस्तपुराणाचे कौतुक करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्या सत्तेच्या आश्रयाने ते लिहिले गेले, तिनेच लोकांच्या हातातली पुस्तके काढून घेतली होती.

आयतवारची शिकवण

धर्मग्राम म्हणजे एका चर्चभोवती जमलेली वस्ती. ती जशी उपासनेची जागा तशी शाळाही होती. १५४२ मध्ये गोव्यात आलेले फ्रान्सिस झेव्हियर घंटा वाजवीत रस्त्यातून हिंडत, मुलांना गोळा करीत आणि धर्माची शिकवण चालीवर म्हणवून घेत. पुढे तामीळ किनाऱ्यावर त्यांनी प्रार्थना तिथल्या भाषेत करवून घेऊन पाठ केल्या आणि मुलांना सांगितले की घरी जाऊन हे आईबापांना, शेजाऱ्यांना शिकवा. शिक्षक म्हणून मला या युक्तीचे आश्चर्य वाटते. शाळेतले घरी पोचवायचे तर मुलासारखा दूत नाही, हे त्यांनी नेमके हेरले होते.

तरी एक अडचण राहतच होती. मिस्सा, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासना, लॅटिनमध्ये होई. लोक गुडघे टेकून ऐकत, पण शब्द त्यांच्यापर्यंत पोचत नसत. पाठ केलेली प्रश्नोत्तरे मुखात राहत. मग मन कशावर पोसायचे?

क्रिस्तपुराणाचा आरंभ याच प्रश्नाने होतो. साष्टीतील चर्चमध्ये पाद्री नवख्रिस्ती मंडळींना शिकवण देत असतात. तेव्हा एक ब्राह्मण श्रोता उठून विचारतो. त्याच्या बोलण्याचा आशय असा, की पूर्वीची पुराणे तुम्ही आम्हांस वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी आमच्या भाषेत दुसरे काही का देत नाही? मागणी रास्त होती. पुराण ऐकत वाढलेल्या माणसाच्या हाती दहा आज्ञांची यादी दिली, तर त्याची रात्र कशी सरणार? त्याला गोष्ट हवी, ताल हवा, चार माणसांत बसून ऐकण्याचा आनंद हवा. स्टीफन्सनी हा प्रश्न ग्रंथाच्या तोंडाशीच ठेवला, यातच त्यांचे मोठेपण आहे. शिष्याची तक्रार आधी नोंदवून मग शिकवायला लागणारे गुरुजी फार थोडे.

उत्तर म्हणून त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्या लिहिल्या. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनच्या जुन्या करारातील कथा, दुसऱ्यात येशूचे चरित्र. दोन्ही मिळून पंचाण्णव अध्याय, त्यांना ते ‘अवस्वर’ म्हणतात. हा ग्रंथ १६१६ मध्ये साष्टीतील रायतूर येथे छापला गेला, म्हणजे मराठीच्या छापील ग्रंथांत अगदी आरंभीचा. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यातील ओव्या आपल्यापैकी अनेकांना शाळेच्या पुस्तकामुळे ठाऊक असतात, पण त्यांच्या मागचे पुढचे काही वाचलेले नसते. मीही त्यांतलाच.

स्टीफन्सनी आणखी एक गोष्ट केली, ती मला सर्वांत मोलाची वाटते. लोकांना कळावे म्हणून अवघड शब्द टाळून आपल्या मराठीत त्यांनी तिथल्या कोकणी शब्दांची मिसळ केली आणि तसे प्रस्तावनेत सांगूनही टाकले. मुलांसाठी धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरे त्यांनी मराठीत न लिहिता सरळ कोकणीत लिहिली. ती त्यांच्या मागे १६२२ मध्ये छापली गेली. कोकणीचे व्याकरणही त्यांनी रचले, ते १६४० मध्ये निघाले. थोडक्यात, रोजची प्रार्थना चुलीजवळच्या भाषेत आणि ऐकण्याचे पुराण पोथीच्या भाषेत. दोन्ही भाषांना त्यांनी आपापली जागा दिली, एकीसाठी दुसरीला हाकलले नाही.

बंदी आणि जतन

क्रिस्तपुराण रोमन अक्षरांत छापले गेले. देशी लिपीत छपाई व्हावी अशी स्टीफन्सची इच्छा होती, पण आपल्या जोडाक्षरांचे साचे घडवणे तेव्हा जमले नाही. १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा छापले गेले. म्हणजे मागणी होती, रविवारी आणि सणावारी चर्चमध्ये ते वाचले जात होते. मग वारे फिरले. १६८४ मध्ये गोव्याचा व्हाइसरॉय काउंट द आल्व्होर याने हुकूम काढला, की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. जी भाषा प्रार्थनेसाठी आवर्जून शिकली गेली होती, तीच आता सत्तेला अडचणीची वाटू लागली.

हुकूम निघाला म्हणून भाषा सुटत नाही. पुराणाच्या छापील प्रती कालौघात नाहीशा झाल्या. त्या तीन आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही. पण लोकांनी ग्रंथ हाताने उतरवून ठेवला. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती घराण्यांनी अशी हस्तलिखिते सांभाळली, आणि त्यांवरूनच १९०७ मध्ये जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळूरला ती नवी आवृत्ती काढली, जिच्यामुळे क्रिस्तपुराण पुन्हा अभ्यासकांच्या हाती आले. लंडनमध्ये मार्सडेन यांच्या संग्रहात देवनागरीतले एक हस्तलिखितही सापडले. पुण्याहून शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये देवनागरी आवृत्ती प्रसिद्ध केली. अडीचशे वर्षे हा ग्रंथ छापखान्याच्या आधाराशिवाय राहिला, तो वाचणाऱ्यांच्या आणि ऐकणाऱ्यांच्या बळावर.

स्टीफन्स ज्या वाटेने गेले, त्या वाटेवर त्यांच्या चर्चला यायला साडेतीनशे वर्षे लागली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेत लोकभाषांना वाट मोकळी करून दिली आणि मिस्सा लॅटिनमधून लोकांच्या भाषेत आली. याचे भरघोस पीक वसईत पाहावे. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, पण गावोगावचे ख्रिस्ती शेतकरी, बागाईतदार, कोळी तिथेच राहिले. घरात सामवेदी नाहीतर वाडवळी बोली, चर्चमध्ये मराठी. तिथे १९५५ मध्ये ‘सुवार्ता’ मासिक निघाले. त्याचे दीर्घकाळ संपादक राहिलेले नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ मराठीत आणले. त्यासाठी त्यांना साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि जानेवारी २०२० मध्ये धाराशिवच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. जुलै २०२४ मध्ये ते गेले. १९९८ मध्ये वसईचा वेगळा धर्मप्रांत झाला, तेव्हा पहिले बिशप झालेले थॉमस डाबरे यांनी डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला तो तुकारामांच्या ईश्वरानुभवावर. देहूची वाट आणि वसईच्या चर्चची वाट एकमेकींना परकी नाही, याचा आणखी कोणता पुरावा हवा?

आपल्या जिल्ह्यातली प्रार्थना

आता आपल्या घराजवळ येऊ. इंदूरचा कॅथलिक धर्मप्रांत १९५२ मध्ये झाला आणि आपला देवास जिल्हा त्यातच मोडतो. इथे ख्रिस्ती वस्ती थोडी, आणि प्रार्थना हिंदीत. जिल्ह्याच्या दक्षिणेला, जंगलाच्या कडेला, उदयनगर आहे. तिथे १९९२ मध्ये सिस्टर राणी मारिया नावाच्या केरळच्या जोगीण आल्या. मल्याळम ही त्यांची मातृभाषा. पण काम करायचे ते इथल्या भूमिहीन आदिवासी मजुरांत, म्हणून त्यांनी इथल्या लोकांची भाषा आपली केली. सावकाराच्या हिशेबापुढे मान खाली घालणाऱ्यांना त्या बचत, सरकारी योजना आणि हक्क समजावून सांगत. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये, प्रवाशांच्या देखत, त्यांना भोसकून मारण्यात आले. वय अवघे एकेचाळीस.

पुढची हकीकत मी मुलांना सांगतो तेव्हा वर्ग शांत होतो. २००२ मध्ये सिस्टरांच्या सख्ख्या धाकट्या बहिणीने, त्याही जोगीणच, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याच्या हाताला राखी बांधली. कुटुंबाने त्याला क्षमा केली. २००६ मध्ये तो सुटला आणि नंतर केरळात जाऊन त्यांच्या वृद्ध आईवडिलांना भेटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे चर्चने सिस्टर राणी मारिया यांना ‘धन्यवादित’ घोषित केले.

येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत क्षमेचे एक मागणे आहे, आणि त्याला जोडून अट आहे, की मागणाऱ्यानेही इतरांना क्षमा केलेली असावी. रोज म्हटली जाणारी, मुलांनी घोकलेली ही ओळ. ती त्या बहिणीला कळली होती. आणि ती कृतीत उतरवताना तिने खूण निवडली ती आपल्याकडची, राखी. केरळची मुलगी, ख्रिस्ती जोगीण, पण तुरुंगातल्या त्या माणसाला जी भाषा समजेल त्या भाषेत ती बोलली. क्रिस्तपुराणाच्या ओव्या आणि तो राखीचा धागा, दोन्हींच्या मुळाशी मला एकच गोष्ट दिसते. शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याच्या अंगणात उतरायचे असते.

आपल्यासाठी

गोव्यात मराठी होती, पण लिपी परकी वापरावी लागली. आपल्या माळव्यातल्या मुलांचे उलटे झाले आहे. हिंदीमुळे देवनागरी त्यांना सहज वाचता येते, मराठी मात्र हातातून निसटत चालली आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. ते योग्यच झाले. पण तो दर्जा भाचीच्या प्रश्नाचे उत्तर देत नाही.

माझी चूक मला कबूल केली पाहिजे. रामरक्षा, मनाचे श्लोक, आरत्या मी घरात पाठ करून घेतल्या, उच्चार चुकला तर रागावलो, पण अर्थ सांगितला नाही. मुलांनी मराठीपर्यंत चढून यावे, अशी माझी अपेक्षा होती. स्टीफन्स उतरून गेले होते, आणि तेही परदेशातून येऊन. आपल्याला तर बैठकीतून देवघरापर्यंतच जायचे आहे. मराठी शब्दाशेजारी हिंदी शब्द ठेवावा लागला, माळवी म्हण घालावी लागली, तर त्याने मराठी बाटत नाही. क्रिस्तपुराणात कोकणी मिसळली म्हणून ते मराठीतून उणे झाले नाही, उलट कळले म्हणूनच टिकले.

त्या संध्याकाळी भाचीला मी शेवटी हिंदीतच सांगितले, "बेटा, नुरवी याने बाकी नहीं रहने देता. बाप्पा विघ्नाचा मागमूससुद्धा ठेवत नाही." तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "मतलब, थोडासा भी नहीं?" मी म्हटले, थोडासुद्धा नाही. दुसऱ्या दिवशीच्या आरतीत तो शब्द आला तेव्हा तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिले आणि हसली. मग पुन्हा डोळे मिटले.