हातचे शब्द

परभणीच्या मोंढ्यात तोंडी हिशोब करणारा माणूस सदतीस आणि अठ्ठावीस मिळवताना एक हातचा धरतो. दशकांची बेरीज झाली की त्या हातच्याचं काम संपतं. वाक्य ऐकताना आपणही शब्द असेच हातचे धरतो. धरून ठेवता ठेवताच काम करणाऱ्या या स्मृतीला कार्यस्मृती म्हणतात. वाक्य समजण्यात तिचा वाटा किती, हा या अभ्यासाचा विषय.

एक वाक्य घ्या: 'आईनं दादाला आत्याला मावशीकडं जायला सांगायला सांगितलं.' शब्द घरचे, व्याकरण निर्दोष, तरी ऐकणारा अडखळतो. चार नाती आधी येतात आणि तिन्ही क्रिया शेवटी. तोवर चौघांना हातचं धरायचं. त्यात दादा आणि आत्या दोघांनाही 'ला'च लागलेला, म्हणून त्यांची अदलाबदल होते. जनाबाईंच्या गंगाखेडात एखाद्या घरी हेच सांगायचं झालं तर? 'आईनं दादाला सांगितलं, की आत्याला सांग, मावशीकडं जा म्हणावं.' निरोप तोच. पण प्रत्येक क्रियापद आपापल्या माणसाजवळ आलं आणि हात मोकळे झाले.

माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी धरतो, दोन कमी किंवा दोन जास्त, असं जॉर्ज मिलर यांनी 1956 मध्ये मांडलं. 1974 मध्ये बॅडली आणि हिच यांनी ही स्मृती म्हणजे नुसती कोठी नसून कामाची जागा आहे, असं दाखवलं. एकमेकांशी जोडायच्या शब्दांतलं अंतर वाढलं की ओझं वाढतं, हा एडवर्ड गिब्सन यांचा 1998 मधला सिद्धान्त. पण हिंदीवर प्रयोग करताना श्रवण वसिष्ठ यांना उलटंही दिसलं: क्रियापदाआधी काही शब्द वाढले, तर कधी कधी ते क्रियापद लवकर वाचलं जातं. वाट पाहताना वाचक पुढचं ओळखू लागतो, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या मराठीची साक्ष इथं म्हणूनच मोलाची.

या अभ्यासाला यंत्रं लागतात, तसा कानही लागतो. शासन निर्णय, पीककर्जाचा अर्ज, शाळेचं पुस्तक, काहीही हाती घ्या. जिथं अडखळाल तिथं पेन्सिलीनं खूण करा आणि क्रियापद येईपर्यंत किती शब्द हातचे होते, ते मोजा. मग पुढचं प्रकरण उघडा.