बहिणाबाई (शिऊरकर)

बहिणाबाई (१६२८–१७००). वारकरी परंपरेतील संतकवयित्री, तुकारामांच्या शिष्या. जन्म देवगाव (रंगारी) येथे, गावचे कुलकर्णीपण असलेल्या ब्राह्मण घरात. वडील आऊजी, आई जानकी. सासर शिऊर; हे गाव आज वैजापूर तालुक्यात येते आणि त्यांची समाधीही तिथेच आहे. खानदेशातील बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्याशी त्यांचे नावापलीकडे नाते नाही, पण चौधरींच्या ओव्या घराघरांत पोचल्याने नामसाधर्म्यात या जुन्या बहिणाबाई पुष्कळदा झाकल्या जातात. त्यांच्या गाथेत आत्मनिवेदनाचे अभंग, पूर्वजन्मांची कथा, भक्ती, पतिव्रताधर्म आणि ब्राह्मणत्व या विषयांवरील रचना आहेत. ‘वज्रसूची’ या संस्कृत ग्रंथाचे त्यांनी केलेले मराठी रूपही तीत येते. जस्टिन ॲबट यांनी १९२९ मध्ये या गाथेचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. या साऱ्यात आत्मनिवेदनाचे मोल सर्वांत मोठे आहे. नांदता संसार आणि नवऱ्याला अमान्य असलेली भक्ती या दोन्हींत एकाच वेळी उभ्या राहिलेल्या स्त्रीसाठी परंपरेकडे तयार गोष्ट नव्हती. म्हणून बहिणाबाईंना आपले आयुष्यच सांगावे लागले.

त्यांच्या आधीच्या संत स्त्रिया आठवल्या की हे ध्यानात येते. मुक्ताबाई अविवाहित होत्या. जनाबाई नामदेवांच्या घरी दासी होत्या. कष्ट उपसता उपसता विठ्ठलाशी बोलण्याची मोकळीक त्यांना होती, कारण मध्ये नवरा नव्हता. कान्होपात्रा मंगळवेढ्याच्या गणिकेची मुलगी. महानुभाव पंथातील महदाइसा विधवा होत्या. सोयराबाई विवाहित होत्या हे खरे, पण त्यांचे पती चोखामेळा स्वतःच संत. त्या घरात भक्तीवरून कलह होण्याचे कारण नव्हते, कलह होता तो बाहेरच्या जगाशी. बहिणाबाईंची स्थिती यांतल्या कोणाशीच जुळत नाही. त्यांचे लग्न अगदी कोवळ्या वयात तिशीतल्या बिजवराशी झाले. पती पाठक घराण्यातले, वेदविद्येचा अभिमान बाळगणारे आणि शीघ्रकोपी. भाऊबंदकी आणि कर्ज यांमुळे माहेरच्या मंडळींना रातोरात गाव सोडावे लागले. जावई आणि मुलगीही त्यांच्यासोबत निघाली. पंढरपूर, शिखर शिंगणापूर, रहिमतपूर असे करत सारे कोल्हापुरात आले. तिथे एका ब्राह्मणाच्या घरी आसरा मिळाला, दारात गाय आणि वासरू आले, जयरामस्वामींची कीर्तने ऐकायला मिळाली. वासराला बहिणाबाईंचा असा लळा लागला की ते कीर्तनालाही त्यांच्यामागे येई. गर्दीत त्याला बाहेर काढले गेले तेव्हा जयरामस्वामींनी ते आत आणवले आणि या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. गावात बोलवा झाली, ती पतीच्या कानी गेली आणि त्यांनी बहिणाबाईंना वेणी धरून मारले, बांधून ठेवले.

हा मार आत्मनिवेदनात उघड सांगितला आहे, आणि तिथेच या रचनेचे वेगळेपण आहे. संतचरित्रांत छळ असतो, पण तो बहुधा गावच्या कर्मठांचा किंवा सत्तेचा. ज्याच्यासोबत उद्या पुन्हा चूल मांडायची आहे, त्या माणसाचा हात बहिणाबाई नोंदवतात. वासरू मेले, त्या बेशुद्ध पडल्या आणि त्याच अवस्थेत तुकारामांनी स्वप्नात मंत्र दिला, असे त्या सांगतात. हा काळ १६४७ च्या सुमाराचा. तुकाराम तेव्हा हयात होते आणि बहिणाबाईंनी त्यांना पाहिलेलेही नव्हते. पतीचा संताप आता दुपटीने वाढला. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू मानावे आणि लोकांनी तिच्या दर्शनाला यावे, या दोन्ही गोष्टी त्यांना सोसवेनात. पत्नी गरोदर असताना ते घर सोडून निघायला तयार झाले.

इथे बहिणाबाईंच्या अभंगांत जो विचार येतो, त्यावरून अभ्यासकांत मतभेद आहेत. पतीची सेवा हाच आपला धर्म, तो सोडून देवही नको, असा निश्चय त्या बोलून दाखवतात. पतिव्रताधर्मावर त्यांनी स्वतंत्र अभंगही लिहिले. त्यामुळे ही बंडखोर स्त्री नसून शेवटी शरण गेलेली पत्नी आहे, असे म्हणता येते. हा आक्षेप हलका नाही. त्या ओळी खऱ्या आहेत आणि त्या कुणाच्या धाकाने लिहिल्या असे समजण्याला आधार नाही. पण आत्मनिवेदनातला क्रम नीट पाहावा. निश्चयामागोमाग पतीला जबर ज्वर येतो, तो महिनाभर हटत नाही, बहिणाबाई शुश्रूषा करतात आणि दुखण्यातून उठलेल्या पतीचा तुकारामांविषयीचा विरोध गळून पडतो. दोघे देहूला जातात. म्हणजे पत्नीने गुरू सोडलेला नाही. पती गुरूकडे आलेला आहे. देहूतही मंबाजी गोसाव्याने त्यांचा आणि त्यांच्या गाईचा छळ केलाच. तरीही हा पती आता तिथून मागे फिरत नाही. शरणागती म्हणून जे वाचले जाते, त्यातून घडून आले ते हे. बहिणाबाईंनी हे योजून केले असे म्हणणे मात्र अतिरेकाचे होईल. पतिव्रताधर्म आणि विठ्ठल दोन्ही त्यांना मनापासून हवे होते, आणि ही ओढाताणच त्यांच्या अभंगांना पुढे रेटत राहिली.

दुसरा आक्षेप पुराव्याचा. स्वप्नातला गुरू, माणसासारखे वागणारे वासरू, गाईला मारल्यावर तुकारामांच्या पाठीवर उठलेले वळ या गोष्टी इतिहास म्हणून कशा घ्यायच्या? शिवाय गाथा परंपरेने हाती आलेली. नंतरच्या हातांची भर तीत असू शकते. चमत्कार बाजूला ठेवूनही जे उरते ते पुरेसे बोलके आहे. माहेरचे कर्ज, परक्या गावातले मिंधेपण, भिक्षेवर चाललेला संसार, मारझोड, गरोदरपणी सोडून जाण्याची धमकी: संताचा महिमा वाढवण्यासाठी रचणाऱ्याला यातले काही घालायचे कारण नव्हते. पतीची नाचक्की करणारा तपशील तर भाविक नक्कलकाराने गाळला असता. तो टिकला आहे, यातच त्याचे वजन आहे.

‘पहिले मराठी आत्मचरित्र’ हा मान मात्र जपून द्यावा. नामदेव आणि तुकाराम यांचेही स्वतःविषयीचे अभंग आहेत. बहिणाबाईंचा वेगळेपणा आधी कोण या हिशेबात बसत नाही. बालपणापासून सलग, घरातल्या माणसांसकट सांगण्यात तो आहे. ही धाटणी मराठीत पुन्हा ठळकपणे दिसते ती फार उशिरा, लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये. तिथे चित्र उलटे आहे: पती १८९५ मध्ये ख्रिस्ती होतो आणि पत्नीला आपला धर्म ठरवायचा असतो.

बहिणाबाईंच्या विचारातली खरी उणीव वेगळ्या ठिकाणी दिसते. अश्वघोषाच्या नावावर असलेली ‘वज्रसूची’ ब्राह्मण कोण हा प्रश्न घेते आणि देह, जन्म, जात हे एकेक निकष खोडून काढते. ब्राह्मण घरातल्या स्त्रीने हा ग्रंथ मराठीत आणावा, हे त्या शतकातले मोठे धाडस. ‘शूद्र गुरू कसा चालेल’ या पतीच्या प्रश्नाचा पायाच त्याने काढून घेतला. परंतु जन्माने ब्राह्मणत्व ठरत नाही असे मांडणाऱ्या बहिणाबाई स्त्रीदेहाविषयी बोलू लागल्या की हा युक्तिवाद वापरत नाहीत. वेद ऐकण्याचा अधिकार नाही, मंत्र नाही, सारे पराधीन, म्हणून स्त्रीजन्म हे पापाचे फळ, अशी खंत त्या करतात. जातीचा निकष ज्या तर्काने त्यांनी मोडला, तो तर्क एक पाऊल पुढे नेला असता तर ही खंतही प्रश्नात बदलली असती. तुकारामांच्या रूपाने जातीच्या बाजूला त्यांच्यासमोर जिवंत उदाहरण होते. स्त्रीच्या बाजूला असे कोणी दिसत नव्हते.

काशी ही मुलगी आणि विठोबा हा मुलगा अशी त्यांची अपत्ये. अखेरची वर्षे शिऊरला गेली. मृत्यूपूर्वी त्यांनी आपले बारा पूर्वजन्म आणि चालू तेरावा जन्म यांची हकीकत मुलाला सांगितली, आणि गाथेचा तो भाग मायलेकांच्या संवादासारखा रचलेला आहे.