बँटिंग : आडनावातून निघालेलं क्रियापद

दक्षिण आफ्रिकेत पाव, बटाटे आणि मक्याची लापशी (‘पॅप’) सोडून मांस, अंडी, लोणी यांवर राहणारा माणूस सांगतो, की मी ‘बँटिंग’ करतोय. ऐकताना हे इंग्रजीतलं एखादं साधं क्रियापद वाटतं. प्रत्यक्षात ते लंडनच्या एका गृहस्थांचं आडनाव आहे.

विल्यम बँटिंग यांचा धंदा अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा. ब्रिटिश राजघराण्यातल्या अंत्ययात्रांचं कामही त्यांच्या घराण्याच्या पेढीकडे असे. उंची ५ फूट ५ इंच आणि १८६२ मध्ये वजन २०२ पौंड. बुटाची नाडी बांधणं जमेना, जिना उतरायचा तो पाठमोरं होऊन. ऐकू कमी येतं म्हणून ते विल्यम हार्वे या कानाच्या डॉक्टरांकडे गेले. हार्वे यांनी पॅरिसमध्ये क्लोद बर्नार यांची यकृत आणि साखरेवरची व्याख्यानं ऐकलेली होती. त्यांनी पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे बंद करायला सांगितले. साधारण वर्षभरात ४६ पौंड, म्हणजे जवळजवळ २१ किलो वजन उतरलं. बँटिंगनी १८६३ मध्ये ही हकिगत छापली आणि पहिली आवृत्ती फुकट वाटली. त्यांची भाषा ‘पिष्ट’ आणि ‘शर्करायुक्त द्रव्य’ अशी होती. (आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांनाच ‘कर्बोदक’ म्हणतात, म्हणजे कर्ब अधिक उदक. ‘कार्बोहायड्रेट’मधला ग्रीक पाणीवाचक शब्द आणि संस्कृत ‘उदक’ एकाच मुळातले. हा प्रतिशब्द घडवणाऱ्याला दाद द्यायला हवी.)

पुस्तिका गाजली आणि आडनावाची गंमत सुरू झाली. ‘बँटिंग’च्या शेवटी ‘इंग’ आहे आणि इंग्रजीत ‘इंग’ म्हणजे चालू क्रिया. लोकांनी ते शेपूट कापलं आणि ‘बँट’ असा नवा धातू तयार केला. राणे आडनावातलं ‘णे’ काढून कुणी ‘मी हल्ली रातो’ म्हणावं, तसाच हा प्रकार.

इंग्लंडमध्ये ते क्रियापद पुढे मागे पडलं. स्वीडिशमध्ये मात्र ‘बांता’ आजही रोजच्या वापरात आहे. तिथे त्याचा अर्थ नुसता ‘वजन उतरवण्यासाठी खाणं आवरणं’ एवढाच उरला. बटाटे खाऊनही माणूस ‘बांता’ करू शकतो.

दक्षिण आफ्रिकेत या शब्दाला नवा जन्म दिला केपटाऊनच्या टिम नोक्स यांनी. धावपटूंना भरपूर कर्बोदकं खायला सांगणारे हे प्राध्यापक पुढे पूर्ण उलटे फिरले. २०१३ मध्ये त्यांचं सहलेखकांसोबतचं ‘द रियल मील रिव्होल्यूशन’ आलं आणि हॉटेलांच्या मेन्यूवर ‘बँटिंग’ झळकू लागलं. तान्ह्या मुलांना वरचं अन्न सुरू करण्याबद्दल त्यांनी २०१४ मध्ये केलेल्या एका ट्वीटवरून वैद्यकीय परिषदेत सुनावणी झाली. २०१७ मध्ये ते निर्दोष ठरले, २०१८ मध्ये त्याविरुद्धचं अपीलही फेटाळलं गेलं. पण तो निकाल त्यांच्या व्यावसायिक वर्तनापुरता होता, आहार सर्वांना हितकर असल्याचा दाखला नव्हे.

गंमत म्हणजे नव्या बँटिंगमध्ये लोण्याला मान आहे आणि मूळ बँटिंगच्या ताटात लोणीच वर्ज्य होतं. दीडशे वर्षांपूर्वीच्या नावाची पुण्याई वापरायची, तर एवढं तरी सांगायला हवं.

वजनाचं म्हणाल, तर स्टॅनफर्डच्या ६०९ जणांवरच्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभरात कमी चरबीवाल्यांचं सरासरी ५.३ किलो आणि कमी कर्बोदकवाल्यांचं ६ किलो उतरलं. हा फरक दखल घेण्याजोगा नव्हता. म्हणून मला स्वीडिश अर्थच खरा वाटतो. कर्बोदकं घटवल्यावर रक्तातली साखर आटोक्यात यायला मदत होते, हेही खरं; पण लोण्या-मांसाचा अतिरेक झाला तर काहींचं वाईट कोलेस्टेरॉल चढतं.

इन्शुलिनच्या शोधातले फ्रेडरिक बँटिंग वेगळे, हा शब्द त्यांच्यावरून आलेला नाही. पण तुम्ही इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेत असाल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोळी-भात एकदम तोडू नका. साखर धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते.