फिशिंग रॉडवरच्या दोऱ्याचं टोक गाठीशिवाय कसं लपवतात?

हाताने बनवलेल्या फिशिंग रॉडवर गाइड, म्हणजे मासेमारीची दोरी ज्यातून जाते त्या कड्या, नायलॉनच्या दोऱ्याने गुंडाळून बसवतात. शेवटी गाठ मारत नाहीत, कारण तिचा उंचवटा इपॉक्सीच्या थरातूनही दिसतो.

त्याऐवजी शेवटचे सहा-आठ वेढे बाकी असताना दुमडलेल्या दोऱ्याचा फास रॉडवर ठेवून त्यावरून वेढे घेतात. मग शेवटचा वेढा बोटाने दाबून दोरा कापतात, टोक फासात ओवतात आणि फास ओढतात. टोक वेढ्यांखाली जाऊन अडकतं. बाहेर उरलेला भाग धारदार ब्लेडने छाटतात. इथे घाई नको: ब्लेड वेढ्याला लागलं, तर गुंडाळी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

इपॉक्सी लावल्यावर ती ओघळू नये म्हणून घट्ट होईपर्यंत रॉड हळूहळू फिरवत ठेवतात.