अर्नाळ्याचा जलदुर्ग

आमची धाकटी डहाणू हें मासेमारी करणाऱ्यांचें गांव. समुद्र आम्हांस नवा नाहीं. पण चोहोंकडून समुद्रानें वेढलेला किल्ला पाहावयाचा, तर विरारपर्यंत रेल्वेनें जाऊन पुढें अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर होडी गांठावी लागते. वैतरणेच्या मुखाशीं असलेल्या त्या बेटावर एक दिवस घालविण्याचा योग मला आला. तेथें जें पाहिलें, तें आज निवेदन करतों.

वस्ती ओलांडतांच उत्तरेचा दरवाजा समोर येतो. त्यावर हत्ती व वाघ कोरलेले असून बाजीरावांचें नांव सांगणारा देवनागरी शिलालेख आहे. आंत शेताचे तुकडे, महादेवाचें व भवानीचें देऊळ, दर्गा आणि दगडानें बांधलेलें अष्टकोनी तळें. खाऱ्या पाण्याच्या मधोमध हें गोडें पाणी! जलदुर्ग तोफांवर लढतो खरा. पण टिकतो तो पाण्यावर. दक्षिणेस, कोटाबाहेर, एक गोल बुरूज एकाकी उभा आहे.

तटावर चढलें म्हणजे या बेटाचें महत्त्व आपोआप ध्यानांत येतें. वैतरणेंत शिरणारें गलबत येथून चुकत नाहीं. १७३७ सालीं मराठ्यांनीं वसईच्या मोहिमेस हात घातला, त्याच वर्षीं शंकराजी केशव यांनीं हें ठाणें पोर्तुगीजांकडून घेतलें व तेथें नवा कोट उभा राहिला. १७३९ च्या आरंभीं माहीम, तारापूर, डहाणू हीं ठाणीं पडलीं आणि त्याच वर्षाच्या मे महिन्यांत चिमाजीअप्पांनीं वसई सर केली. वसईचा विजय सर्वांच्या तोंडीं आहे. नदीचें मुख आधीं रोखणारा अर्नाळा मात्र क्वचितच कोणास आठवतो.

आणखी एक विचार मनांत आला. बेटावर बाहेरून जें आणावयाचें, मग तो चुना असो, तोफ असो वा धान्य, तें होडीवांचून येणें नाहीं. भरती-ओहोटीची वेळ साधून भरलेली होडी पुळणीस लावणें किती जिकिरीचें असतें, हें आमच्या गांवच्या पोरासही ठाऊक आहे. शिलालेखांत धन्याचें नांव राहिलें, तें योग्यच झालें. परंतु ज्या तांडेलांनीं व खलाशांनीं हा भार वाहिला, त्यांचीं नांवें कोणी कोरलीं नाहींत. इतिहास वाचणारानें तट पाहतांना त्या हातांचेंही स्मरण ठेवावें, एवढीच विनंती.