मेंदूची वेस

१८८५ साली पॉल एर्लिख यांनी जनावराच्या रक्तात रंग सोडला. बहुतेक सारे अवयव रंगले. मेंदू मात्र कोरा! मेंदूला रंगाची ओढच नसावी, असे त्यांनी ठरविले. इथे गुरुजी चुकले. १९१३ साली त्यांचे शिष्य गोल्डमान यांनी निळा रंग थेट मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला. तेव्हा मेंदू रंगला नि बाकीचे शरीर कोरे राहिले. म्हणजे मध्ये वेस होती, आणि दारे बंद!

मेंदूतल्या गाठीवरची पुष्कळ औषधे याच वेशीशी अडतात. बर्लिनच्या संशोधकांनी मग वेसच टाळली. लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण गाठीतच टोचून ते बदलत्या चुंबकीय क्षेत्राने तापविले. २०१० साली युरोपात परवानगी मिळाली. २०११ च्या अहवालात रोग उलटलेले ५९ रोगी आहेत. जोडीला किरणोपचार होते. रोग उलटल्यापासून निम्मे रोगी १३ महिन्यांहून अधिक जगले. तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणून जाणते अजून मान डोलवीत नाहीत. पण तेरा महिन्यांत एक दिवाळी येतेच.