नव्वद अंशांची कुळकथा

खुब्याचा सांधा बदलून घरी निघालेल्या माणसाच्या फायलीत सूचनांचा एक कागद असतो. मांडी घालू नका, उकिडवे बसू नका, पायावर पाय टाकू नका, वाकून खालची वस्तू उचलू नका. त्याखाली वस्तूंची यादी: वॉकर, उंच कमोड, दोन पायांमध्ये ठेवायची उशी, चिमटा लावलेली लांब काठी, मोजे चढवायची पन्हळ, लांब दांड्याचा शूहॉर्न. वॉकर सोडला तर या बहुतेक सूचना आणि वस्तू एकाच नियमाची लेकरं आहेत: मांडी आणि धड यांच्यातला कोन नव्वद अंशांपेक्षा कमी होऊ द्यायचा नाही. हा नियम कुठून आला, हे घरच्यांना क्वचितच सांगितलं जातं. ते कळलं की अर्धी भीती जाते आणि निम्मी खरेदीही वाचते.

कुळाचा मूळपुरुष इंग्लंडमधला. विगन गावाजवळच्या रायटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली खुब्याच्या कृत्रिम सांध्यावर काम करत होते. त्यांच्या आधी बर्लिनच्या थेमिस्टोक्लिस ग्लुक यांनी हस्तिदंत वापरून पाहिलं होतं, पॅरिसच्या ज्युदे बंधूंनी १९४६ मध्ये ॲक्रिलिक. चार्नलींनी आधी सांध्याच्या वाटीसाठी टेफ्लॉन निवडलं. ते काही वर्षांतच झिजलं आणि सुमारे तीनशे रुग्णांचे सांधे निकामी होऊ लागले. त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी पॉलिएथिलीनचा तुकडा यंत्रावर घासत ठेवला. टेफ्लॉन एका दिवसात जितकं झिजे, तितकंही ते तीन आठवड्यांत झिजलं नाही. नोव्हेंबर १९६२ पासून त्या वाट्या रुग्णांमध्ये बसू लागल्या आणि आजच्या शस्त्रक्रियेचा पाया घातला गेला.

घर्षण कमी राहावं म्हणून चार्नलींनी वाटीत फिरणारा गोळा मुद्दाम लहान ठेवला: २२.२२५ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंचाहून थोडा मोठा. आपला नैसर्गिक गोळा त्याच्या जवळपास दुप्पट असतो. लहान गोळ्याने वाटी कमी झिजते, पण वाटीच्या काठावरून निसटायला त्याला थोडंच सरकावं लागतं. म्हणून शस्त्रक्रियेनंतर पाय फाकवून ठेवायचे, मध्ये त्रिकोणी उशी बांधायची. ती उशी आजही कित्येक वॉर्डांत चार्नलींच्या नावाने ओळखली जाते.

दुसरी शाखा सांध्यापर्यंत जाण्याच्या वाटेची. जर्मन शल्यविशारद लांगेनबेक यांनी १८७४ मध्ये खुब्यात मागच्या बाजूने शिरण्याची वाट लिहून ठेवली. कोखर यांनी ती सुधारली, आणि १९५७ मध्ये अमेरिकेच्या ऑस्टिन मूर यांनी ती आपल्या धातूच्या गोळ्यासाठी लोकप्रिय केली. मांडीच्या हाडाची मान मोडलेल्या आजीआजोबांना आपल्याकडे वर्षानुवर्षे जो ‘एएमपी’ (ऑस्टिन मूर प्रोस्थेसिस) बसवला गेला, तो याच मूर यांचा. या वाटेत चालण्याचे मुख्य स्नायू शाबूत राहतात, पण मागचे लहान स्नायू आणि सांध्याची पिशवी कापावी लागते. म्हणजे सांध्याची मागची भिंत काही काळ कच्ची असते. अशा वेळी माणूस खोल वाकला, पाय मध्यरेषेपलीकडे नेला आणि गुडघा आत वळवला, तर हाडाची मान वाटीच्या पुढच्या काठावर अडते आणि तरफेसारखा जोर येऊन गोळा त्या कच्च्या भिंतीकडे ढकलला जातो. निषेधांच्या यादीतली प्रत्येक ओळ या तीन हालचालींपैकी एखादीला अडवण्यासाठी आहे. ऊतींना भरून यायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात, म्हणून मुदतही तितकीच सांगितली जाते.

हे कारण हाताशी ठेवलं की वस्तू आपोआप उलगडतात. चिमट्याची काठी म्हणजे न वाकता जमिनीपर्यंत पोचलेला हात. मोज्याची पन्हळ दोरीने ओढून घ्यायची, म्हणजे पाऊल हाताशी आणावं लागत नाही. अशा साधनांच्या मदतीने अपंगत्व आणि घरातलं काम यांची सांगड घालणाऱ्या शास्त्राला, ऑक्युपेशनल थेरपीला, आपल्या देशात आणलं ते कमलाबाई निंबकरांनी. जन्माने अमेरिकन, लग्नाने मराठी झालेल्या या बाईंनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विषयाची देशातली पहिली शाळा सुरू केली. रुग्णाच्या घरात, त्याच्या मोरीत आणि स्वयंपाकघरात डोकावून पाहणारी ही विद्या आहे, आणि खुब्याच्या रुग्णाला तिची गरज इतर अनेकांपेक्षा जास्त आहे.

कारण परदेशात घडलेला हा नियम आपल्या जमिनीवरच्या संसारावर येऊन आदळतो. उकिडवं बसताना खुबा नव्वद अंशांच्या खूप पुढे वाकतो. भारतीय शौचालय, पाटावरचं जेवण, देवघरातली मांडी, खाली ठेवलेली चप्पल, खोल रुतणारा सोफा: सगळीच ठिकाणं नियमाबाहेरची. पण उपाय महागडे नाहीत. गुडघ्यामागच्या खोबणीपासून टाचेपर्यंत उंची मोजा. बसायची जागा, वजनाने दबल्यावरसुद्धा, त्याहून चार-पाच सेंटिमीटर वर हवी. खाटेच्या पायांखाली लाकडी ठोकळे पक्के बसवावेत. सोफ्याऐवजी हातांची, कडक बैठकीची खुर्ची घ्यावी. बसताना शस्त्रक्रियेचा पाय पुढे सरकवायचा, मागे खुर्चीची कड लागली की हातांवर भार देऊन बसायचं. वळताना पाऊल जागीच ठेवून शरीर पिळायचं नाही, लहान पावलं टाकत फिरायचं. गाडीत सीट मागे सरकवून आधी बूड टेकवायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. गालिचे, सैल वायरी आणि ओली मोरी आधीच आवरावीत. घसरून पडण्याइतका धोका दुसरा नाही.

काठीचीही स्वतःची कुळकथा आहे. एका पायावर उभं असताना कंबर तिरपी होऊ नये म्हणून खुब्याबाहेरचे स्नायू इतके ताणले जातात, की सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीचपट किंवा त्याहून जास्त दाब येतो. काठी विरुद्ध हातात धरली तर त्या स्नायूंचं काम हलकं होतं. अमेरिकेच्या वॉल्टर ब्लाउंट यांनी १९५६ मध्ये हे गणित मांडून, काठी फेकू नका, असं आपल्या व्यवसायबंधूंना विनवलं होतं. आपल्याकडे काठी दुखऱ्या पायाच्या बाजूला धरण्याची खोड अजून सुटलेली नाही. उजवा खुबा बदलला असेल तर काठी डाव्या हातात. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी शस्त्रक्रियेचा.

नवा रायपूरमधून हे लिहिताना एक गोष्ट अधिक टोचते. खुबा बदलणं म्हणजे म्हातारपणाचा विषय, अशी समजूत असते. छत्तीसगडमध्ये ती टिकत नाही. छत्तीसगड आणि विदर्भ हा सिकलसेलचा पट्टा आहे. नागपूरचे शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातल्या या आजाराची नोंद १९५८ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये केली होती. कोयत्यासारख्या झालेल्या तांबड्या रक्तपेशी मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तोडतात, हाड मरतं, आणि ऐन पंचविशी-तिशीत सांधा बदलायची वेळ येते. असा तरुण इथल्या मंत्रालयात, महानदी भवनात, फायली हाताळत असेल किंवा गावी चिखलात वाकून धानाचे रोप लावत असेल. त्याला पुढे दशकानुदशकं हा सांधा वापरायचा आहे. म्हणून त्याला नियमाची घोकंपट्टी नको, कारण हवं. शिवाय सिकलसेलच्या रुग्णाने भरपूर पाणी पिणं, अंग गरम ठेवणं आणि छातीत दुखलं किंवा ताप आला तर लगेच रुग्णालय गाठणं, या सूचना कमोडच्या उंचीइतक्याच मोलाच्या.

आता कुळात नवी पिढी आली आहे. गोळे मोठे झाले, ३२ आणि ३६ मिलिमीटरचे. मागची पिशवी आणि स्नायू पुन्हा शिवून घेण्याची पद्धत रुळली. १९९८ मध्ये पेलिच्ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की त्यामुळे एका शल्यविशारदाच्या रुग्णांत सांधा निखळण्याचं प्रमाण ४ टक्क्यांवरून शून्यावर आलं, दुसऱ्याच्या रुग्णांत ६.२ वरून ०.८ टक्क्यांवर. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पुढून आणि बाजूने जाणाऱ्या वाटेने शस्त्रक्रिया झालेल्या ३०३ खुब्यांचा मागोवा होता. सगळ्यांनाच सहा आठवडे नव्वद अंश पाळायला सांगितलं होतं. निम्म्यांना त्याखेरीज उशी, उंच कमोड, उंच खुर्ची, कुशीवर न झोपणं अशी बंधनं होती. सांधा एकाच रुग्णाचा निखळला, तोही जादा बंधनांच्या गटातला. मोकळ्या गटातले लोक लवकर कुशीवर झोपले, लवकर कामावर गेले आणि अधिक समाधानी राहिले.

याचा अर्थ कागद फाडून टाकावा असा नाही. मागून शस्त्रक्रिया झालेल्याला, पूर्वी सांधा निखळलेल्याला, दुसऱ्यांदा सांधा बदललेल्याला नियम कडकच हवा. आणि समोरून शस्त्रक्रिया झाली असेल, तर धोक्याची हालचाल उलटीच असते: पाय मागे नेऊन पाऊल बाहेर वळवणं. एकाच छापील कागदावर या सगळ्यांना बसवता येत नाही. शेजारच्या रुग्णाचे नियम म्हणूनच आपल्याला लागू पडतीलच असं नाही.

माझी मागणी एवढीच आहे की, सुट्टीच्या कागदावर प्रत्येक सूचनेशेजारी तिचं कारण आणि मुदत मराठीत, हिंदीत, छत्तीसगढीत लिहिलेली असावी. तोवर नातेवाइकांनी डॉक्टरांना चार प्रश्न जरूर विचारावेत. छेद कोणत्या बाजूने दिला? माझ्या माणसासाठी नेमकी कोणती हालचाल धोक्याची? बंधन किती आठवडे? मांडी आणि उकिडवं बसणं पुढे कधी जमेल का, की कायमचं सोडायचं? ही उत्तरं हातात आली की बाजारातून काय आणायचं आणि सुताराकडून काय करून घ्यायचं, हे घरातलं कोणीही ठरवू शकतं.